डावीकडचं स्टूल

नाशिक रोड,
३ नोव्हेंबर २०२५

चि. चैताली,
मामाचा जय भीम.

एका पुडीला काय पडतं, ते मला परवा कळलं. फौजी कॅन्टीनच्या रमची एक बाटली दिली की ती मिळते. ही झाली वरवरची किंमत. खरी सांगतो: तुझ्या पप्पांचं उजवं मनगट, तुझ्या आईची झोप, तुझ्या तेजलचा पहिला वाढदिवस, आणि तू, जी त्या दिवसापासून या घराचा उंबरा चढली नाहीस. ज्यानं पुडी दिली त्याला यातलं काहीच मिळालं नाही. त्याला फक्त रम मिळाली.

पुडी कसली ते सांगतो, पण आधी माझी तक्रार ऐक. तू मला ब्लॉक केलंस. माझे व्हॉइस मेसेज लांब असतात हे कबूल. आमचा संघर्ष म्हणतो, "बाबा, तुमचा एक मेसेज संपेपर्यंत माणसाचा डबा खाऊन होतो." म्हणून काय सख्ख्या मामाला ब्लॉक? आता या वयात मला कागद घेऊन बसावं लागतंय. पोस्टातली बाई म्हणाली, "काका, हल्ली पत्रं कोण लिहितं?" म्हटलं, "ज्यांच्या भाच्या बंगळुरात शिकून शहाण्या झाल्या, ते."

तर. दाजी गच्चीच्या जिन्यावरून पडले. दिवेलागणीला. मनगट मोडलं, प्लास्टर घातलं, आता बरे आहेत. घाबरू नकोस. घाबरली नसशील तर थोडी घाबर.

गेलं वर्षभर ते विसरायला लागले होते, हे तुझ्या आईनं तुला सांगितलं असेल. गॅस चालू ठेवायचे. दूध आणायला जाऊन देवळाली गावात कुणाच्या तरी ओट्यावर बसून राहायचे. दोन डॉक्टर झाले. दोघांनी वयाचं म्हणून गोळ्या दिल्या, एक स्मरणशक्तीची, एक झोपेची. दोन्ही वेळा सोबत मीच होतो. डॉक्टर विचारायचे, "दारू वगैरे?" की दाजींनी तोंड उघडायच्या आत मी म्हणायचो, "नाव नका काढू डॉक्टरसाहेब! चोवीस वर्षं तोफखान्यात काढली, पण थेंबाला शिवले नाहीत. मी जामीन."

या खेपेला माजी सैनिकांच्या दवाखान्यात डॉ. मनीषा म्हणून एक बाई भेटल्या. म्हाताऱ्या माणसांचं मन आणि झोप बघतात. वयानं तुझ्याएवढ्या. मी जामीन राहायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा." मला! बसलो. दाराकडं उजवी बाजू करून बसलो. सगळं ऐकू आलं.

"हवालदारसाहेब, झोप कशी लागते?"

"लागत नाही मॅडम."

"मग लागावी म्हणून काय करता?"

"चिलीम ओढतो मॅडम."

"कशाची?"

"गांजाची."

"रोज?"

"रोज. रविवारी दोनदा."

मला वाटलं मी खुर्चीवरून पडतो. बाई शांत. जणू माणूस सांगतोय की मी चहात साखर घेतो.

"हे आधीच्या डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही. दारूचं विचारलं. दारू मी पीत नाही."

चैताली, या माणसाचं काय करावं? जेवढं विचारलं तेवढंच उत्तर. फौजेनं शिकवलं आणि ते घरातही तसंच चाललं. रोज संध्याकाळी गच्चीवर अंड्यांचे रिकामे ट्रे जाळायचे, डास जातात म्हणून. अख्खी कॉलनी म्हणायची, हवालदार काकांमुळे डास कमी झाले. मी स्वतः दुकानापुढच्या अंडेवाल्याकडून ट्रे गोळा करून नेऊन दिलेत! त्या धुराआड दुसरा धूर चालायचा. कॅन्टीनच्या बाटल्या घरात यायच्या आणि नाहीशा व्हायच्या, ते तुझ्या लक्षात आलं होतं. त्यांच्या तोंडाला दारूचा वास नसायचा, ते मी हुंगून बघितलं होतं. दोघं बरोबर, आणि दोघं गाढव. बाटल्या कुंदन नावाच्या भंगारवाल्याकडं जात होत्या आणि तिकडून पुडी येत होती.

का ओढतात, तेही बाईंनी विचारलं. कानात शिट्टी वाजते. तोफेजवळ उभं राहून ज्यांनी नोकरी काढली, त्यांच्यातल्या पुष्कळांना असते म्हणे. नोकरीत कळली नाही, कारण गोंगाट होता. नंतर बँकेत गार्ड होते तिथं जनरेटर होता. पूर्ण घरी बसले, शांतता आली, आणि त्या शांततेत शिट्टी. बँकेतल्या एका जोडीदारानं सांगितलं, दोन झुरके मार, झोपशील. झोपले. मग दोनाचे किती झाले ते त्यांचं त्यांना माहीत.

आता तेजलचा वाढदिवस. तो स्पीकर, ती पोरं, ते फुगे फुटणं. शिट्टी वाढली म्हणून दाजी भरदुपारी गच्चीवर गेले. ओढून झाल्यावर कुणीतरी तेजलला त्यांच्या मांडीवर आणून दिलं. तू वर गेलीस तर ते पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर पोरीला घेऊन डुलक्या खात होते. तू "दारुडा" म्हणालीस. सगळ्या पाहुण्यांदेखत. आणि मी, सगळ्या पाहुण्यांदेखत, छातीवर हात ठेवून म्हणालो की हा माणूस निर्व्यसनी आहे, काही असतं तर या पुंजाला कळलं असतं.

माझे कान तुला ठाऊक आहेत. विंचूरहून एक पाना घेऊन आलो तेव्हापासून त्याच कानांवर खातोय. रस्त्यावरून टेम्पो गेला तर कुठलं बेअरिंग गेलंय ते मी आत बसून सांगतो. शेतकरी पंपाच्या जळालेल्या मोटारी घेऊन सटाण्याहून इथवर येतात ते माझ्या हातासाठी नाही, कानासाठी. आजवर या कानांतून काही सुटलेलं नाही. हे सुटलं, कारण गांजाला आवाज नसतो.

तू एक फोन कर. मला नको. त्यांना.

तुझा
पुंजा मामा


नाशिक रोड,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. चैताली,
जय भीम.

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. वीज मंडळाची नोटीस यापेक्षा प्रेमळ असते.

"दारू नाही तर गांजा, यात अभिनंदन करण्यासारखं काय आहे? माझी मुलगी कठड्यावर होती मामा." बरोबर आहे तुझं. मी ते तीनदा वाचलं. पण खाली जावईबापूंनी लिहिलंय की परदेशात हे औषध म्हणून देतात, त्यामुळं एवढं काही नसावं. राजरावांना सांग, मी ते डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "परदेशातसुद्धा बीपीची आणि झोपेची गोळी घेणाऱ्या सहासष्ट वर्षांच्या माणसाला चिलीम ओढून जिना उतरायला कुणी सांगत नाही." त्या तिन्हींनी मिळून माणूस पाडला. विसरणंही बरंचसं त्यातलंच असेल म्हणाल्या. बंद झाल्यावर बघू.

मी म्हटलं, "मग करा बंद! कुठली गोळी ते लिहून द्या."

"याची गोळी नसते."

"मग इंजेक्शन?"

"तेही नसतं."

"मग तुम्ही करता काय?"

"बोलते."

बघ आता. बोलतात! आठवड्यातून एकदा दाजी जाऊन बसतात आणि बाई बोलतात. त्यातही दाजींनाच विचारतात, "तुम्हाला काय वाटतं, पहिल्यांदा कुठली चिलीम सोडता येईल?" मी म्हटलं, विचारता काय, हुकूम सोडा, फौजी माणूस आहे. तर म्हणाल्या, "हुकूम त्यांनी चोवीस वर्षं पाळले. हे त्यांना स्वतः ठरवू द्या." दाजींनी ठरवलं, आधी रविवारची दुसरी बंद. मग रोजची. मला वाटलं होतं एका दिवसात सुटेल. मोटर जळाली की आपण सगळी तार उपसून काढतो, नवी भरतो, संध्याकाळी गिऱ्हाईक घेऊन जातं. हे काम तसं नाही म्हणतात.

आणि सोडल्यापासून तर विचारू नकोस. जेवण उतरत नाही. घाम येतो. वरणात मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, मीठ घातलं तर जास्त म्हणून सरकवलं. तुझी आई, आमची अक्का, म्हणाली, "पुंजा, आधीचा बरा व्हता रे. निदान गप तरी बसायचा." मी अक्कावर ओरडलो. मग बाईंनी मला ऐकवलं की पहिले दोन-तीन आठवडे असंच असतं, आणि घरातल्यांनी असं बोलणं हेच सगळ्यात धोक्याचं. अक्काला त्यांनी बोलावून वेगळं समजावलं. अक्का आता मीठ वेगळ्या वाटीत ठेवते.

झोपेसाठी त्यांनी एक सांगितलं ते मला पटलं. उशाशी मंद, एकसारखा आवाज ठेवायचा, म्हणजे शिट्टीकडं लक्ष जात नाही. म्हटलं, हे तर माझं खातं! जुन्या कूलरची मोटर काढली, स्वतः तार भरली, लाकडी पेटीत बसवली, खाली रबर दिलं. राजवाड्यात वाजावी अशी गुणगुण. नेऊन चालू केली. दाजींनी उशी कानांवर दाबली.

"पुंजा, किंचाळतंय हे."

"काय किंचाळतंय? लोण्यासारखं चाललंय."

"वरचा सूर बघ. सुईसारखा."

अक्का दारातून म्हणाली, "मला बी येतंय ऐकू. लय बारीक हाय."

अक्का नवऱ्याची बाजू घेणार, हे काही नवीन नाही. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावलं, मूठ कानाशी धरली, आम्ही मोटर तशीच ऐकतो. सगळं ठीक होतं. रागानं पेटी उचलून घरी आणली. आता दाजी उशाशी रेडिओ ठेवतात, स्टेशन न लावता, नुसती खरखर. फुकटची खरखर माझ्या मोटरपेक्षा बरी!

तू फोन केला नाहीस.

तुझा
पुंजा मामा


नाशिक रोड,
७ डिसेंबर २०२५

चि. चैताली,
जय भीम.

काल सहा डिसेंबर. दरवर्षी दाजी कॉलनीतल्या पोरांना पुतळ्यापर्यंत रांगेत नेतात. काल नेलं नाही. घरात भिंतीकडं तोंड करून पडून होते. कारण मी. तुझी आई तुला तिखटमीठ लावून सांगेल, त्याआधी माझ्याकडून ऐक.

तीन आठवडे चिलीम नव्हती. रंग बदलला होता, दोन पोळ्या जास्त खात होते. मला वाटलं, आता शेवटचा पेच आवळू. चार तारखेच्या पौर्णिमेला विहारात वंदना होती. दाजी दर रविवारी पंचशील म्हणतात, तुला माहीत आहे, आणि त्यांचा उच्चार भन्तेजींच्या खालोखाल. पाचव्या, नशा न करण्याच्या शीलाचं त्यांनी मनात काय करून ठेवलं होतं ते त्यांनीच बाईंना सांगितलं होतं: "त्यात दारू येते मॅडम. मी ही औषध म्हणून घेतो." म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता, स्वतःलाच पटवत होता. मी विचार केला, याच जागी गाठ पडली आहे, याच जागी सोडवू.

वंदना संपली. मी उभा राहिलो. म्हटलं, "आज आपले हवालदारसाहेब सर्वांसमोर पाचवं शील पुन्हा एकदा घेणार आहेत."

तेवढ्यात मागून कुसाबाई, कानांनी कमी पण आवाजानं भरपूर, म्हणाल्या, "का रं पुंजा, मोडलं व्हतं का?"

कुणीतरी हसलं. दाजी उभे राहिले. सावधान. प्लास्टरचा हात पॅन्टच्या शिवणीला. पाचही शीलं म्हटली, एक अक्षर चुकलं नाही. मग वाकून वंदन केलं, चपला घातल्या आणि निघाले. मला वाटलं घरी गेले. ते कुंदनकडं गेले. बाटली नव्हती, म्हणून पलटणीनं निवृत्तीला दिलेलं घड्याळ दिलं.

दुसऱ्या दिवशी मी कुंदनच्या भंगारात जाऊन आकाशपाताळ एक केलं. म्हणाला, "मामा, मी कुणाला बोलवायला जात नाही. तुम्हीच पाठवलं." त्याला काय माहीत तो काय बोलला. किंवा माहीत असेल, कॉलनीत बातमी टिकते किती? घड्याळ परत घेतलं. सोबत दोन शिव्या दिल्या. पोलिसाचं नाव काढलं तेव्हा कुठं म्हणाला की यापुढं हवालदाराला देणार नाही. बघू.

डॉ. मनीषांकडं गेलो तर मला वाटलं दाजींना झापतील. त्यांना म्हणाल्या, "आलात ते बरं केलंत. तीन आठवडे कसे काढलेत ते आठवा, ते कुठं गेलेले नाहीत." आणि मग माझ्याकडं वळून, "पुंजाभाऊ, तुम्ही त्यांना बरं करायला निघालात की लोकांना दाखवायला?"

माझ्या दुकानात कुणी असं बोललं असतं तर मी पाना फेकला असता.

तुला आता राग आला असेल. येऊ दे राग. रागानं का होईना फोन कर. एक गोष्ट सांगतो, ती मी पाहिली आहे. दाजी रोज सकाळी तुझा नंबर लावतात. कानातल्या शिट्टीमुळं पलीकडं रिंग जातेय की नाही हे त्यांना कळत नाही. मग फोन अक्कापुढं धरतात, "वाजतंय का?" अक्का "वाजतंय" म्हणाली की लगेच कापतात. तुझ्या मोबाईलवर सकाळचे ते मिस्ड कॉल येतात ना, ते चुकून लागलेले नाहीत.

तुझा
पुंजा मामा


नाशिक रोड,
१८ जानेवारी २०२६

चि. चैताली,
जय भीम.

तू फोन केलास! आणि कुणी मला सांगितलं नाही. मला ही बातमी दूधवाल्याकडून कळली. सख्खी बहीण म्हणते, "तुला सांगितलं तर तू विहारात सांगशील." बरं.

काय बोललात ते विचारत नाही. दाजींना विचारलं तर म्हणाले, "पोळी कुस्करून खाते." एवढंच. दिवसभरात दोनदा तेच म्हणाले, "तेजल पोळी कुस्करून खाते." यांना बोलायला शिकवणाऱ्या बाईला सरकारनं पदक द्यावं.

प्लास्टर निघालं. स्मरणशक्तीची गोळी बाईंनी बंद केली, झोपेची अर्ध्यावर आणली. गॅस आता स्वतः बंद करतात, वर अक्का बंद करते की नाही तेही बघतात, त्यावरून भांडण. पौर्णिमेनंतर पुन्हा एकदा घसरले होते, संक्रांतीच्या आधी. लपवलं नाही. स्वतः जाऊन सांगून आले. दवाखान्यात म्हाताऱ्या फौजींचा एक गट बसतो, कुणाची रम, कुणाच्या गोळ्या, कुणाची चिलीम. तिथं जातात. मी एकदा बाहेरून ऐकलं. सगळे तोफखान्याचे, त्यामुळं सगळे ओरडूनच बोलतात. गुपितं सांगतायत आणि रस्त्यावर रिक्षावाल्याला ऐकू येतायत!

कानाचं मशीनही मिळालंय. शिट्टी जात नाही, पण बाहेरचं ऐकू आलं की ती मागं पडते. पहिल्या दिवशी म्हणाले, "लता, तुझ्या बांगड्या वाजतात." अक्का लाजली. मी तिथं होतो म्हणून बिघडलं, नाहीतर काही बोलली असती.

आता मुद्दा. पंधरा फेब्रुवारीला तेजलचा दुसरा वाढदिवस. तू फोनवर "बघू" म्हणालीस म्हणे. मी तुला गळ घालणार नाही, माझ्या गळ घालण्याचे परिणाम सगळ्यांनी पाहिलेत. दाजींनी मला तुला लिहायला सांगितलंय, त्यांच्याच शब्दांत: "गच्चीला कुलूप लावेन. किल्ली चैतालीकडं. मुलीला मी जमिनीवर बसूनच घेईन, चटईवर. कुणी उठ म्हटलं तरी उठणार नाही. स्पीकर नको."

हे त्यांनी स्वतः ठरवलंय. मी एक शब्द घातलेला नाही. स्पीकर मी आधीच सांगून ठेवला होता, तो रद्द केला.

तुझा
पुंजा मामा


नाशिक रोड,
९ मार्च २०२६

चैताली,

जय भीम.

वाढदिवस किती छान झाला होता! सकाळपासून चटईवर बसले होते. तेजल त्यांच्या पायावर झोपली तर केक कापेपर्यंत त्यांनी पाय हलवला नाही, नंतर दोघांनी धरून उठवावं लागलं. तू किल्ली त्यांच्या हातात परत दिलीस ते मी पाहिलं. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हटलं, झालं, गाडी रुळावर आली.

आणि मागच्या आठवड्यात तुझा मेसेज. ब्लॉक काढलास तो यासाठी!

"मामा, पप्पा फोनवर म्हणाले की त्यांनी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच सगळं सांगितलं होतं. तुम्ही चालू द्या म्हणालात. तरी माझ्या मुलीच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवलात. ती पडली असती तर? मला आता तुमच्याशी बोलायचं नाही."

आणि पुन्हा ब्लॉक. अगं, निदान उत्तर तरी ऐकून घ्यायचं होतंस!

मी तसाच उठलो, मोटर उघडी टाकून, आणि दाजींपुढं जाऊन उभा राहिलो. हात काळे, अंगात आग.

"दाजी, मला कधी सांगितलंत?"

"सांगितलं होतं."

"कुठं?"

"तुझ्या दुकानात. स्टुलावर बसून."

ते स्टूल तू पाहिलंयस. माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला असतं. दाजी बँकेतून सुटले की तिथं चहाला येऊन बसायचे. नोकरी संपली तरी यायचे. त्याच बाजूला टेस्टिंगचं टेबल, मोटारी तिथंच फिरवून बघतो.

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, पुंजा, कानात शिट्टी वाजते. झोप नाही. मी चिलीम ओढायला लागलोय. हे बरं नाही, काय करू?"

"मग मी काय म्हणालो?"

"तू मान हलवलीस. म्हणालास, हां हां, चालू द्या दाजी. मी समजलो, साल्याला माहीत आहे. त्याची हरकत नाही. पुन्हा कुणाला सांगितलं नाही."

एकदा सांगितलं. आयुष्यात एकदा, न विचारता. आणि माझ्याकडं.

मी ओरडलो. म्हटलं शक्यच नाही, माझ्या कानांतून सुई सुटत नाही, तुम्ही नशेत असाल, तुम्हाला भास झाला असेल. दाजी ओरडले नाहीत. म्हणाले, "मंगळवारी माझ्या मशीनचं सेटिंग आहे. तू पण त्या कान तपासायच्या खोलीत बसून बघ." मी म्हटलं, बसतो! त्या कान तपासणाऱ्या पोरीला पण कळू दे कान कशाला म्हणतात.

काचेची खोली असते. हेडफोन लावतात, हातात बटण देतात. बारीक आवाज आला की दाबायचं. उजव्या कानात आवाज सुरू झाले. मी टकाटक दाबत गेलो, वरचे थोडे सुटले असतील. मग ती म्हणाली, "आता डावा." मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. बराच वेळ झाला. मला वाटलं मशीन बिघडलं, म्हणून मी काचेतून तिला खूण केली की सुरू कर बाई. ती उठून आत आली आणि हेडफोन काढून घेतला.

"झालं काका."

"सुरू कुठं केलंत?"

दाजी दाराशी उभे होते, तिनं त्यांच्याकडं बघितलं. मग तिनं विचारलं, कामावर तुमच्या डाव्या बाजूला काय असतं? म्हटलं, टेस्टिंगचं टेबल. आणि? म्हटलं, आणि एक स्टूल.

ब्लॉक काढ किंवा नको काढू. संघर्षच्या फोनवरून तुला विनवण्या करणार नाही, हा कागद वाच आणि ठरव. मी खोटं बोललो नव्हतो. त्या दिवशी तुझ्या पाहुण्यांपुढं जे बोललो ते मला खरंच वाटत होतं, आणि ते त्याहून वाईट आहे, हे मला कळतं.

दाजींनी काल स्टूल स्वतः उचलून टेबलाच्या उजव्या हाताला आणलं. तार भरायचं मशीन त्यामुळं मागं सरकवावं लागलं, मला अडचण होते. राहू दिलंय.

डाव्या कानानं मला ऐकू येत नाही. सात-आठ वर्षं झाली असावीत, असं ती म्हणाली.

पुंजा मामा